मागचा एक्सल मूळचाच आहे का? मसल कारची कारखान्याच्या कागदांवरून पडताळणी

जुन्या अमेरिकन मसल कारचा, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाडीचा, व्यवहार ठरताना इंजिन मूळचे आहे का, हे प्रत्येक खरेदीदार विचारतो आणि गिअरबॉक्सचीही चौकशी होते. मागच्या एक्सलच्या बाबतीत मात्र ‘४.१० चा पॉझी आहे’ (म्हणजे ४.१० गुणोत्तराचा, दोन्ही चाकांना जोर देणारा एक्सल) या विक्रेत्याच्या एका वाक्यावर बहुतेकांचे समाधान होते. वास्तविक या गाड्यांमध्ये सहज बदलता येणारा आणि म्हणून वारंवार बदलला गेलेला भाग हाच आहे. पाव मैलाच्या शर्यतीसाठी एका मालकाने ४.५६ चे क्राऊन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) घातले, महामार्गावर इंजिन कमी फिरावे म्हणून पुढच्याने ते काढून ३.०८ चे बसवले आणि तिसऱ्याने आवाज येऊ लागल्यावर भंगारातून अख्खे हाऊसिंगच (एक्सलचे बाहेरचे कवच) उचलून आणले, असा इतिहास असलेल्या गाड्या दुर्मीळ नाहीत. त्यातच एक अडचण अशी की, १९६८ पासून अमेरिकन कंपन्या इंजिन ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या क्रमांकाचा (नंबरप्लेटचा नव्हे, कारखान्याने दिलेल्या व्हीआयएन क्रमांकाचा) काही भाग पंच करू लागल्या, तरी एक्सलवर असा क्रमांक सहसा आढळत नाही. त्यामुळे एक्सल ‘हाच तो’ असे निर्विवादपणे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. ‘कारखान्याने या गाडीत ज्या प्रकारचा, ज्या गुणोत्तराचा आणि ज्या सुमाराचा एक्सल बसवला होता, त्याच्याशी हा जुळतो’ इतकेच आपण सिद्ध करू शकतो, आणि तेही कागद हाती असतील तरच.

दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅकमुळे कोल्हापूरकरांना जुन्या मोटारीचे कौतुक नवे नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्री आणि मशीन शॉपमुळे ओतीव भागावरचा आकडा पाहून तो केव्हा ओतला असेल हे सांगणारी नजरही या शहरात भरपूर आहे. ज्याचा सराव कमी आहे, ते अमेरिकन कारखान्यांचे कागद वाचणे. भाचा किंवा मुलगा मिशिगनमध्ये नोकरीला असतो, तो गाडीचे फोटो पाठवतो आणि येथे बसून निर्णय घ्यायचा असतो. अशा वेळी कोणता कागद मागायचा, त्यावर कोणत्या जागी पाहायचे आणि त्याच्यावर कितपत विसंबायचे, हे माहीत असलेले बरे.

जमिनीच्या व्यवहारात सातबारा वाचून झाल्यावरच माणूस बांधावर जातो, आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर हा आपण पाहत असलेल्या जमिनीचाच आहे ना, याची खात्री त्याहीपूर्वी करतो. एक्सलच्या पडताळणीचा क्रमही हाच ठेवावा. आधी कागद या गाडीचा आहे हे ठरवावे, मग त्यावरचा एक्सलचा कोड वाचावा आणि शेवटी गाडीखाली जाऊन लोखंड त्या कोडशी जुळते का ते पाहावे. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. गाडीखाली मोठे हाऊसिंग दिसले की त्याला साजेसा कागद शोधू लागतात, आणि असे शोधणाऱ्याला तो कागद पुरवणारे लोक बाजारात असतातच.

तपासायचे काय

‘एक्सलचा पर्याय’ म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. पहिली गोष्ट एक्सलचा आकार, म्हणजे क्राऊन व्हीलचा व्यास आणि हाऊसिंगची जात. शेव्हरोलेमध्ये १० बोल्टचा की ८.८७५ इंच क्राऊनचा १२ बोल्टचा, फोर्डमध्ये ८ इंची की ९ इंची, क्रायस्लरमध्ये ८.७५ इंची की ९.७५ इंच क्राऊनचा डाना ६०, हा तो प्रश्न. दुसरी गोष्ट गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा. तिसरी गोष्ट म्हणजे डिफरन्शियल साधे आहे की दोन्ही चाकांना जोर देणारे, म्हणजे लॉकिंग. या तिसऱ्या गोष्टीला प्रत्येक कंपनीचे स्वतःचे नाव आहे: शेव्हरोलेचे पॉझिट्रॅक्शन, पॉन्टिअॅकचे सेफ-टी-ट्रॅक, ओल्ड्समोबिलचे अँटी-स्पिन, डॉज आणि प्लिमथचे शुअर ग्रिप, एएमसीचे (अमेरिकन मोटर्स) ट्विन-ग्रिप, तर फोर्डचे आधी इक्वा-लॉक आणि पुढे ट्रॅक्शन-लॉक. कागदावर ही नावे किंवा त्यांचे कोड येतात, त्यामुळे फोर्डच्या गाडीबद्दल बोलताना विक्रेता ‘पॉझी’ म्हणत असेल, तर तो बोलीतला शब्द वापरतो आहे इतकेच समजावे. कागदावर तो शब्द सापडणार नाही.

गाडीच्या क्रमांकातून एक्सल कळतो, अशी समजूत पुष्कळांची असते. ती चुकीची आहे. १९८१ पूर्वीचे क्रमांक १७ अंकी नसल्यामुळे इंटरनेटवरची सतरा अंकी क्रमांक उलगडणारी साधने येथे निरुपयोगी आहेत, हे तर आहेच. परंतु त्या काळचा क्रमांक नीट उलगडला तरी त्यात एक्सलला जागाच नाही. १९६९ च्या कॅमॅरोचा क्रमांक १२४३७९एन असा सुरू होत असेल, तर गाडी शेव्हरोलेची, कॅमॅरो, व्ही ८ इंजिनाची, दोन दारी कूपे, १९६९ ची आणि ओहायोतील नॉरवूडच्या कारखान्यातली आहे इतकेच कळते. त्या व्ही ८ मध्ये कोणते इंजिन होते हेसुद्धा तो क्रमांक सांगत नाही; शेव्हरोलेच्या क्रमांकात इंजिनाचे अक्षर १९७२ पासून आले. तरीही क्रमांक हा पडताळणीचा पाया आहे, कारण बाकीचे सर्व कागद त्याच्याशीच जोडायचे असतात.

कागद या गाडीचाच आहे का

अमेरिकेत १९५८ मध्ये झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किंमत, मूळ सामग्री आणि जादा पर्याय सांगणारे स्टिकर लावणे बंधनकारक झाले. तो कायदा आणणाऱ्या सिनेटर मोनरोनी यांच्या नावाने ते स्टिकर आजही ओळखले जाते. त्यावर जादा पैसे देऊन मागवलेला एक्सल किंवा पॉझिट्रॅक्शन स्वतंत्र ओळीत किमतीसह छापलेले असते, म्हणून हा कागद उत्तम. पण नेमक्या याच कारणाने त्याच्या नव्या प्रती सर्वाधिक छापल्या जातात. विक्रेत्याने स्टिकर दाखवले तर ते जतन झालेले मूळ आहे की नव्याने छापलेले, हा पहिला प्रश्न. ते नव्याने छापले असेल तर कोणत्या नोंदीवरून छापले, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर स्टिकर सुंदर दिसते म्हणून भिंतीवर लावावे, पुरावा म्हणून धरू नये.

बिल्ड शीट हा त्याहून महत्त्वाचा कागद आहे. कारखान्यात गाडी जोडणीच्या साखळीवर पुढे सरकत असताना कोणत्या जागी कोणता भाग बसवायचा, हे कामगारांना सांगणारा हा तक्ता असे आणि काम झाल्यावर तो कोठेतरी खुपसला जाई. जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले, पॉन्टिअॅक वगैरे) गाड्यांत तो इंधनटाकीच्या वर, सीटच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली मिळतो. क्रायस्लरच्या गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा डॅशबोर्डच्या मागे. तो ग्राहकासाठी छापलेलाच नव्हता, त्यामुळे खोटा करण्याचे कारण त्या काळी कोणाला नव्हते. मात्र कामगाराने हाताशी आलेला तक्ता हाताशी असलेल्या गाडीत टाकला, त्यामुळे एका गाडीत दुसऱ्याच गाडीचा तक्ता सापडल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तक्त्यावर गाडीचा पूर्ण क्रमांक किंवा निदान शेवटचा अनुक्रमांक वाचता येत असेल आणि तो जुळत असेल, तरच पुढे वाचावे. उंदरांनी कुरतडलेल्या तक्त्यावर एक्सलचा रकाना शाबूत आणि क्रमांकाचा रकाना गेलेला असला, तर त्या एक्सलच्या कोडला पुराव्याची किंमत राहत नाही. इंजिन, रंग आणि आतील कापडाचे कोड जुळले तर शक्यता वाढते, एवढेच म्हणता येईल.

येथे हाताळणीबद्दल थोडे. पन्नास वर्षे टाकीवर पडलेला कागद ओलसर किंवा ठिसूळ असतो आणि जागेवरच उलगडायला गेल्यास घडीवर तुटतो. टाकी उतरवताना आधी फोटो घ्यावेत, कागद सपाट पुठ्ठ्यावर सरकवून काढावा आणि सावलीत हळूहळू सुकू द्यावा. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की लॅमिनेशन करण्याची घाई होते. बिल्ड शीटचे लॅमिनेशन कदापि करू नये. उष्णतेने शाई जाते आणि कागद खरा आहे की नाही हे पुढे कोणालाच तपासता येत नाही.

फोर्ड: येथे काम सर्वांत सोपे आहे

फोर्डच्या बाबतीत नशीब चांगले आहे. चालकाच्या दारावर रिव्हेटने बसवलेल्या धातूच्या पट्टीवर बॉडी, रंग, आतील सजावट, तारीख, विक्री जिल्हा, एक्सल आणि गिअरबॉक्स असे कोड एका ओळीत असतात; १९७० पासून या पट्टीची जागा दारावरच्या स्टिकरने घेतली. मस्टँगच्या सुरुवातीच्या वर्षांत एक्सलचा कोड अंक असेल तर साधे डिफरन्शियल आणि अक्षर असेल तर लॉकिंग, असा सोपा नियम होता. पण तो नियम पाठ करून सगळ्या वर्षांना लावू नये. १९६९ आणि १९७० मध्ये ‘ए’ हे अक्षर ३.५० च्या साध्या एक्सलसाठी आहे, तर ‘एस’ म्हणजे ३.५० ट्रॅक्शन-लॉक, ‘व्ही’ म्हणजे ३.९१ ट्रॅक्शन-लॉक आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे ४.३० चा लॉकिंग एक्सल. मस्टँग बॉस ३०२ च्या दारावर ‘ए’ दिसले म्हणून लॉकिंग एक्सलचे पैसे मोजणारा खरेदीदार या एका अक्षरात फसतो. कोडचा तक्ता नेहमी त्याच मॉडेलवर्षाचा घ्यावा.

फोर्डच्या एका गाडीत तर एक्सलचा कोड इंजिनाची ओळख ठरवतो, आणि या सगळ्या खटाटोपाला अर्थ का आहे हे त्यावरून चांगले कळते. १९६९ च्या मस्टँगमध्ये ४२८ कोब्रा जेट इंजिन असेल तर गाडीच्या क्रमांकात इंजिनाच्या जागी ‘क्यू’ किंवा, बॉनेटवरून हवा घेणारे असेल तर, ‘आर’ येतो. त्याच इंजिनाची अधिक दणकट आवृत्ती म्हणजे सुपर कोब्रा जेट. तिच्यात कनेक्टिंग रॉडला कॅप स्क्रू आहेत आणि बाहेर स्वतंत्र ऑइल कूलर आहे. पण क्रमांकातले अक्षर तेच, ‘क्यू’ किंवा ‘आर’. ग्राहकाने ३.९१ किंवा ४.३० चा लॉकिंग एक्सल मागवला की हे मजबूत इंजिन गाडीला मिळे. म्हणजे दारावरच्या पट्टीत ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’ नसेल, तर सुपर कोब्रा जेटच्या दाव्याला कागदाचा आधार उरत नाही, मग समोर ऑइल कूलर कितीही चकाकत असो. ऑइल कूलर विकत मिळतो.

अर्थात दारावरची पट्टीसुद्धा विकत मिळते. हव्या त्या कोडची नवी पट्टी पाडून देणारे आहेत आणि त्यात बेकायदा काही असतेच असे नाही. दार बदलल्यावर प्रामाणिक मालकही ती करून घेतो. म्हणून फोर्डच्या गाडीसाठी पट्टीवर थांबू नये आणि मार्टी रिपोर्ट मागवावा. अॅरिझोनातील मार्टी ऑटो वर्क्सकडे फोर्डच्या परवान्याने कंपनीच्या १९६७ पासूनच्या उत्पादन नोंदी आहेत. गाडीचा क्रमांक आणि शुल्क दिले की त्या गाडीत कारखान्याने बसवलेला एक्सल शब्दांत लिहिलेला अहवाल मिळतो. हे काम कोल्हापुरातून घरबसल्या होते. अहवाल कंपनीच्या संगणकीय नोंदीवरून येत असल्याने गाडीवरच्या पट्टीत कोणी काय कोरले याचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि पट्टी व अहवाल यांतला फरक दहा सेकंदांत दिसतो. माझ्या मते १९६७ पासूनची फोर्ड या अहवालाशिवाय घेण्याचे काही कारण नाही; विक्रेत्याने स्वतः दिलेली प्रत मात्र स्वीकारू नये, आपली स्वतंत्र मागवावी.

१९६५ आणि १९६६ च्या मस्टँगला ही सोय नाही. तेथे दारावरची पट्टी, एक्सलवरचा टॅग आणि एक्सलची जात यांवरच निर्णय करावा लागतो. त्या दोन वर्षांत साधारण व्ही ८ गाड्यांना ८ इंची आणि क्रमांकात ‘के’ असलेल्या २८९ हाय परफॉर्मन्स गाड्यांना ९ इंची एक्सल असे, हे लक्षात ठेवले की पुष्कळ दावे तेथेच निकालात निघतात.

शेव्हरोले आणि पॉन्टिअॅक

शेव्हरोलेबद्दल लिहिताना थोडी सावधगिरी लागते, कारण फोर्डसारखी सर्व गाड्यांची खुली नोंद येथे उपलब्ध नाही. काउलवर (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर) रिव्हेट केलेल्या ट्रिम टॅगवर बॉडीची तारीख, रंग आणि सजावट असते. एक्सल साधारणपणे नसतो. तरीही ‘टॅगवरून पॉझिट्रॅक्शन सिद्ध’ असे लिहिलेल्या जाहिराती दिसतात. तसा दावा दिसला की पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

येथे खरा आधार दोन कागदांचा. एक वर वर्णन केलेली बिल्ड शीट, जिच्यात एक्सलच्या रकान्यात येणारा कोड पुढे एक्सलच्या नळीवर पंच केलेला सापडायला हवा. दुसरा म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट. १९६५ ते १९७२ दरम्यान वॉरंटीच्या पुस्तिकेत ही उठावाच्या अक्षरांची छोटी धातूची पट्टी मिळे आणि डीलरकडे वॉरंटीचे काम निघाले की तिचा ठसा फॉर्मवर उमटवत. तिच्यावर गाडीचा क्रमांक, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल यांचे कोड असतात. पट्टी पुस्तिकेत घट्ट बसलेली असावी, पुस्तिकेवर पहिल्या मालकाचे नाव व डीलर असावा आणि त्या कागदाचे वय पट्टीच्या वयाशी जुळावे. सुटी, चकचकीत, पुस्तिकेविना आलेली पट्टी ही बहुधा हल्ली उठवलेली असते. विकल्पांच्या यादीत पॉझिट्रॅक्शनचा कोड जी ८० आहे. डीलरच्या ऑर्डर फॉर्मवर किंवा बिलावर तो दिसला तर उत्तम आधार, मात्र त्या फॉर्मवर गाडीचा क्रमांक हवा.

कॅनडात विकल्या गेलेल्या गाडीचे नशीब वेगळे. जनरल मोटर्स कॅनडाकडे अशा गाड्यांच्या नोंदी जपलेल्या आहेत आणि क्रमांक दिल्यास विकल्पांसह कागद मिळतात. त्यामुळे ‘ही कॅनडाची गाडी आहे’ हे वाक्य ऐकून नाक मुरडण्याऐवजी आनंद मानावा. पॉन्टिअॅकसाठी पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था कारखान्याने डीलरला पाठवलेल्या बिलाची प्रत पुरवते. जीटीओ किंवा फायरबर्डच्या बाबतीत एक्सल आणि सेफ-टी-ट्रॅक यांचा शोध तेथूनच सुरू करावा.

क्रायस्लर

डॉज आणि प्लिमथच्या डाव्या आतील फेंडरवर स्क्रूने बसवलेला टॅग असतो. १९६९ पासून त्यावर एक अक्षर आणि दोन अंक असे कोड आहेत आणि तो खालच्या ओळीपासून वर वाचायचा असतो. डी ९१ म्हणजे शुअर ग्रिप. ए अक्षराच्या संचात एक्सलची पॅकेजे येतात: ए ३६ हे ८.७५ इंची एक्सलात ३.५५ गुणोत्तराचे, ए ३३ म्हणजे ट्रॅक पॅक, ज्यात डाना ६० आणि ३.५४, तर ए ३४ म्हणजे सुपर ट्रॅक पॅक, डाना ६० आणि ४.१०. काही कारखान्यांनी टॅगवर सर्व पर्याय उतरवलेले नाहीत. म्हणून टॅगवर कोड नाही म्हणजे पर्याय नव्हता, असा निष्कर्ष एकट्या टॅगवरून काढू नये. बिल्ड शीट मिळाली तर तिला प्राधान्य द्यावे.

इंजिनावरून एक्सलचा अंदाज बांधण्याची सोय मात्र येथे चांगली आहे. क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिन सांगते, आणि चार गिअरच्या, हेमी इंजिनाच्या गाडीला डाना ६० च येत असे. अशा गाडीखाली ८.७५ इंची एक्सल दिसला तर तो कारखान्याचा नाही, याला कागदाचीही गरज नाही. १९६९ च्या मध्यावर आलेल्या ए १२ पॅकेजच्या प्लिमथ रोडरनर आणि डॉज सुपर बी यांनाही डाना ६० आणि ४.१० हे एकच गुणोत्तर होते.

आता गाडीखाली

कागद वाचून झाल्यावर गाडी लिफ्टवर किंवा घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्यावी. फोर्डच्या एक्सलवर एका बोल्टखाली पातळ पत्र्याचा टॅग असतो. त्यावर ३ ५० असे असेल तर ३.५० साधा, ३एल५० असे असेल तर लॉकिंग. तारीख वर्षाचा अंक, महिन्याचे अक्षर आणि आठवड्याचे अक्षर अशी येते आणि फोर्ड महिन्यांत ‘आय’ अक्षर वगळते, म्हणजे सप्टेंबर ‘जे’ होतो. जनरल मोटर्सच्या ओतीव भागांवर मात्र ‘आय’ हाच सप्टेंबर. हा फरक न कळल्याने योग्य एक्सल एका महिन्याने उशिराचा ठरवून नाकारला गेल्याचे प्रकार होतात. फोर्डच्या ९ इंची एक्सलचे क्राऊन-पिनियन पुढच्या बाजूने अख्ख्या गोळ्यासह (डिफरन्शियलच्या जोडणीसह) निघते, त्यामुळे हाऊसिंग मूळचे आणि आतला गोळा दुसऱ्याच गाडीचा, ही शक्यता येथे सर्वाधिक. शिवाय टॅग एका बोल्टवर टांगलेला असल्याने तोही हलवता येतो.

शेव्हरोलेच्या १२ बोल्टच्या एक्सलवर कोड प्रवाशाच्या बाजूच्या नळीवर, पुढच्या अंगाला पंच केलेला असतो: एक्सलचा कोड, महिना-दिवस आणि कारखान्याचे अक्षर, उदाहरणार्थ डेट्रॉइटसाठी ‘जी’ आणि बफेलोसाठी ‘बी’. वर्ष नसते. ते मधल्या ओतीव भागावरच्या तारखेवरून घ्यावे, जिथे ‘सी १२ ९’ म्हणजे १९६९ चा १२ मार्च. एक अंकी वर्ष १९७९ चेही असू शकते, हे सांगण्याची गरज फौंड्रीतल्या माणसाला नाही. क्रायस्लरच्या ८.७५ इंची एक्सलात गोळ्यावरच्या ओतीव क्रमांकाचे शेवटचे तीन अंक पाहावेत. ४८९ हा प्रकार १९६९ पासूनचा आहे. तो १९६६ च्या गाडीत मिळाला तर गोळा नंतर बसवला आहे.

पंचिंग उथळ असते आणि त्यावर पन्नास वर्षांचे ग्रीस व अंडरकोटिंग बसलेले असते. ते रॉकेल, प्लास्टिकची खरवडणी आणि कापडाने काढावे. आपल्या उद्यमनगरात हाऊसिंग आले की सरळ शॉटब्लास्टिंगला जाते, हा मोठा धोका आहे. शॉटब्लास्टिंगने आणि ग्राइंडरने जे पुसले जाते ते कोणत्याही कागदाने भरून येत नाही. कामाला देण्यापूर्वी सर्व ठशांचे तिरप्या उजेडात फोटो घ्यावेत, आणि आरटीओच्या फॉर्मसाठी चासी नंबर पेन्सिलने कागदावर उतरवतो तसाच एक्सलचा कोडही उतरवून ठेवावा. अमेरिकेतील नातेवाइकाला ही पेन्सिलची युक्ती सांगितली तर तिकडच्या अंधुक फोटोंपेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो.

गुणोत्तर मोजण्यासाठी कव्हर काढलेच पाहिजे असे नाही. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करावी. दोन्ही मागची चाके उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक फिरवावे. दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर डिफरन्शियल लॉकिंग प्रकारचे. अशा वेळी चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जितके फेरे, तितके गुणोत्तर. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर ते साधे असते, किंवा आतल्या क्लच प्लेट झिजून गेलेले पॉझिट्रॅक्शन. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. ३.५५ आणि ३.५० यांतला फरक मात्र असा कळत नाही. त्यासाठी कव्हर काढून दात मोजावेत किंवा क्राऊनच्या कडेवर पंच केलेले आकडे वाचावेत: ४१ भागिले १० म्हणजे ४.१०, ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३, ३९ भागिले ११ म्हणजे ३.५५, ४३ भागिले १३ म्हणजे ३.३१. हाऊसिंगवरचा कोड ३.३१ म्हणत असेल आणि दात ४१ व १० असतील, तर एक्सल मूळचा आणि क्राऊन-पिनियन बदललेले, अशी स्वतंत्र नोंद करावी. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. गिअरबॉक्समधल्या स्पीडोमीटर गिअरचे दातही पाहावेत. तो गुणोत्तराप्रमाणे निवडला जातो आणि एक्सल बदलणारे अनेक जण त्याला हात लावत नाहीत.

तारखांची ओळ

ओतीव भागाची तारीख, एक्सल जोडल्याची तारीख आणि गाडी तयार झाल्याची तारीख या क्रमाने पुढे सरकल्या पाहिजेत आणि त्यांत साधारण काही आठवड्यांचे अंतर असावे. एक्सल गाडीच्या जन्मानंतर जोडलेला असेल तर तो मूळचा नाही. येथे चर्चेला जागा नाही. सहा-आठ महिने आधीचा असेल तर संशय धरावा, नकार देऊ नये. गाडीची तारीख ट्रिम टॅग, दारावरची पट्टी किंवा अहवाल यांवरून घ्यावी. कागद, नळीवरचा कोड आणि तारखा तिन्ही जुळले तरी ‘या गाडीस योग्य कोडचा आणि योग्य तारखेचा एक्सल’ असेच शब्द करारात लिहावेत. डीलरने गाडी सुपूर्द करण्यापूर्वी क्राऊन-पिनियन बदलून दिल्याचे विक्रेता सांगत असेल, तर ते कारखान्याच्या कागदावर कधीच दिसणार नाही. डीलरचे त्या तारखेचे बिल नसल्यास त्या दाव्याला किंमत देऊ नये.

भारतात नोंदणी करताना

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी, आयात केलेलीसुद्धा, व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. मागच्या एक्सलचा उल्लेख तीत नाही. त्यामुळे एक्सल बदललेला आहे म्हणून नोंदणी अडण्याचे कारण नाही, आणि नोंदणी झाली म्हणून एक्सल मूळचा ठरतो असेही नाही. अर्जासोबत जोडायच्या आयातीच्या कागदांवरचा क्रमांक आणि गाडीवर पंच केलेला क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतो का, एवढे मात्र फाइल देण्यापूर्वी पाहावे. फोर्डचे अकरा आणि शेव्हरोलेचे तेरा अक्षरांचे क्रमांक टाइप करताना शून्य आणि ‘ओ’ यांची अदलाबदल नेहमी होते. बदललेले क्राऊन-पिनियन आणि एक्सलचा जुना टॅग भंगारात न देता त्यावर गाडीचा क्रमांक लिहून कागदांसोबतच ठेवावा, कारण पुढचा खरेदीदार हीच तपासणी पहिल्यापासून करणार असतो.